केटी कोटी: साखळ्या तुटल्याचा सण आणि रमोनाचं आडनाव

एनस्खेडेला विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये मी भांडी धुते. शेजारच्या सिंकवर रमोना, सुरिनामची, म्हणजे डचांच्या जुन्या वसाहतीतली काळी बाई, माझ्याच वयाची. ती म्हणाली, "एक जुलैला ॲमस्टरडॅमला चल. केटी कोटी आहे, साखळ्या तुटल्याचा सण. छान कपडे घाल." मला वाटलं, जत्रा असेल. नवऱ्याला फ्रीजमधला डबा दाखवला आणि निघाले.

रेल्वेनं दोन तासांच्या वर लागतात. सकाळची गर्दी टळल्यावरची गाडी धरा, सवलत मिळते. बसायला चादर न्या. संडासाची रांग बघून मी पाणी प्यायचंच सोडलं.

मैदानात बायाच बाया, कडक स्टार्चचे घेरदार झगे घातलेल्या. म्हटलं, "उन्हात एवढं कापड कशाला गं?"

"गुलामीतलं आहे. मालकाची नजर पडू नये म्हणून मालकीण घालायला लावायची म्हणतात. आता आम्ही मिरवतो."

हातातला वडा तसाच राहिला. इथं त्याला 'बारा' म्हणतात, उडदाचाच, तीन युरो, चटणी जपून घ्या. पुढं रमोनानं सांगितलं, १८६३ला गुलामी उठली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना. आणि हिच्या पूर्वजांना आणखी दहा वर्षं त्याच मळ्यांवर राबवलं.

"मालकांना? नीट सांग!" मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच.

चादरीवर रमोनाची म्हातारी आई बसलेली. रमोना तिला म्हणाली, "आई, मी आडनाव बदलतेय. मालकाच्या नावाची अक्षरं उलटी करून दिलेलं ते. मला नको."

म्हातारी भडकली. "तुझ्या बापाच्या थडग्यावर तेच आहे. तू बदललंस की तो कोणाचा बाप?" मग माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा, नाव असं टाकतात का?"

मी आपली सहज बोलले, "माझं तर लग्नात नावच बदललं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं लिहिलं, वैशाली. मलाही तिथंच कळलं."

दोघी भांडण विसरून माझ्याकडेच बघायला लागल्या.

"तुला न विचारता?" रमोना ओरडली.

म्हातारीनं विचारलं, "आईनं काय ठेवलं होतं?"

"शालन."

मला कुणी विकलं नव्हतं. त्यांचं आणि माझं एका तागडीत घालू नका. तरी म्हातारीनं ते नाव तोंडात घोळवलं, "शालन, खा," म्हणाली, आणि मी तो गार झालेला वडा खाल्ला.

 मग म्हातारी रमोनाला म्हणाली, "बदल. पण माझ्या थडग्यावर जुनंच घालायचं. त्याच्या शेजारी." रमोनानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं.

जायचं तर जा, पण नुसतं नाचगाणं बघायला जाऊ नका. मी तशीच गेले होते. मालकांच्या भरपाईचं अजून डोक्यातून जात नाही.

घरी आले तर नवरा टीव्हीसमोर. "वैशाली, चहा टाक गं."

"शालन म्हण, मग टाकते."

त्यानं मान वळवली. "कोण शालन?"

तांदळात नाव लिहिलं ती अंगठी अजून त्याच्याच बोटात आहे.