अर्ध्या मालाची ओळ

शिडाच्या खालच्या कडेपासून तीन फुटांवर पितळी आयलेटांची आडवी ओळ होती. ऑर्डर फॉर्मवर त्या ओळीपुढे मीच माझ्या हाताने ‘नको’ लिहिलं होतं. खाली गिऱ्हाइकाची सही होती. गिऱ्हाईक अकरा वाजता शीड न्यायला येणार होतं आणि पावणेअकरा वाजून गेले होते.

“देवराव, हे काय?”

“सवय, ताई,” देवराव म्हणाले. “हात चालत गेला.”

आयलेट म्हणजे दोरी ओवण्यासाठी कापडात बसवलेली धातूची कडी. देवराव आमच्या हिंगण्याच्या शेडमध्ये तीस वर्षं तेच ठोकत आले आहेत. आम्ही ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवतो. कारखाना माझ्या नवऱ्याचा, दिलीपचा. कापणं-शिवणं तो बघायचा, ऑफिस मी. गेल्या हिवाळ्यात तो गेला आणि शेडही माझ्याकडे आली. शीड ही वस्तू त्याने कधी केली नव्हती, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतंच, तो असता तरी. या विचाराने मला उलट धीर आला होता.

ऑर्डर वानखेडेकाकांची. नौदलातून निवृत्त, वय एकाहत्तर, राहायला शहराच्या कडेला, बेसाला. शहरापासून तासाभरावरच्या एका तलावात त्यांची चौदा फुटी शिडाची होडी आहे. एका सकाळी ते जुनं शीड चादरीत बांधून, धुण्याच्या गाठोड्यासारखं काखेत मारून आले.

“मुंबईवाला चार महिने म्हणते. तोवर सीझन संपला. तुम्ही शिवता का?”

“आम्ही ताडपत्री शिवतो, काका.”

“तेच तं. कापड, सुई, दोरा. अजून काय लागते?”

बरंच लागतं, हे मला पुस्तकांतून कळलं. माणसांना विचारण्याआधी पुस्तकाला विचारायची माझी जुनी खोड आहे आणि त्या दिवसांत घरी वाचायला वेळच वेळ होता. दोन आठवड्यांनी मी एक फॉर्म तयार केला. मधे शिडाचं चित्र, बाजूला प्रश्न. काकांना समोर बसवून एकेक विचारत गेले.

पहिला प्रश्न कापडाचा. जाड की हलकं?

“जाड टाका. समुद्राले पुरते तेवढं.”

“होडी समुद्रावर आहे का?”

“माणूस समुद्रावरचा आहे.”

आमच्याकडचा वारा बहुतेक वेळ आळशी असतो. जाड कापड त्याला उचलवत नाही, होडी नुसती उभी राहते. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. शेवटी त्यांनी हलक्यावर खूण केली.

मग मागच्या कडेला आधार देणाऱ्या पट्ट्या. त्या नसल्या तर कड फडफडत राहते. काकांनी आखूड पट्ट्या सांगितल्या. मग खिडकी. शिडामागे काय आहे ते दिसावं म्हणून त्यात प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा बसवतात.

“खिडकी कायले? मी वाकून पाहतो.”

“डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय ना तुमचं?”

“टाका खिडकी.”

चौथा प्रश्न पोटाचा. शीड सपाट नसतं, त्याला पोट असतं आणि वारा त्या पोटात धरला जातो. ताडपत्रीवाल्यांना हे पचायला अवघड. आमच्या धंद्यात पोट म्हणजे दोष, तिथे पाणी साचतं. सपाट कापडाला पोट द्यायचं तर पट्टे जोडताना त्यांच्या कडा किंचित गोलाकार कापाव्या लागतात. हे मी शिलाईवरच्या बायकांना आकृती काढून पाऊण तास समजावलं. शेवटी त्यांच्यातली एक म्हणाली, “म्हणजे कटोरी ब्लाउजच की वं, ताई.” तसंच होतं. पुढे मला काही सांगावं लागलं नाही.

शेवटचा प्रश्न रीफचा. वारा वाढला की शीड अर्धवट खाली घेतात, खालचा भाग गुंडाळून बांधतात आणि लहान झालेल्या शिडावर होडी चालवतात. त्यासाठी आयलेटांची एक आडवी ओळ लागते. ती तीन फुटांवर असावी, असं पुस्तकात होतं. चित्रात मी तिथे तुटक रेघ काढली होती.

“नको,” काका म्हणाले. “रीफ म्हातारे लावतात.”

“काका, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात.”

“म्हणूनच नको. तलावावर सारे पाहून राहतात.”

मी ‘नको’ लिहिलं. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा, मीनलचा फोन आला. ती मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते.

“ताई, बाबांनी रीफ घेतला का?”

“नाही.”

“तुम्हीच टाकून द्या ना. मागच्या उन्हाळ्यात होडी उलटली, खांदा तेव्हाच गेला. आता आमचं ठरलंय. अजून एकदा उलटली की होडी विकायची. त्यांनीही कबूल केलंय. पण होडी विकली ना, तर ते घरात करणार काय, हे मला समजत नाही.”

“सही त्यांची आहे, मीनल.”

“हो, तेही खरंच,” ती म्हणाली. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. चहाच्या सुट्टीत मी हे शेडमध्ये बोलले असेन.

शीड वेळेत तयार झालं आणि नको असलेल्या ओळीसकट तयार झालं.

देवरावांची सवय कुठली ते मला ठाऊक होतं. आमच्या प्रत्येक ताडपत्रीला मधोमध आयलेटांची एक जादा ओळ असते. ट्रक अर्धाच भरलेला असला की ताडपत्री तिथे दुमडून बांधता येते. नाहीतर सुटा भाग हायवेवर वारा धरतो आणि दोऱ्या तुटतात. कटिंग टेबलामागच्या भिंतीवर दिलीपने रंगाने लिहून ठेवलंय : ‘अर्ध्या मालाची ओळ विसरू नये.’ ते अजून पुसलेलं नाही.

काका अकराला आले. शीड जमिनीवर पसरलं होतं. त्यांनी कडेने एक फेरी मारली, पोटाची शिवण बोटाने चाचपली, खिडकीतून देवरावांकडे पाहिलं. मग ओळीपाशी थांबले.

“हे काहून?”

“आमची चूक,” मी म्हणाले. “खालचा पट्टा बदलून देते. आठ दिवस लागतील.”

“आठ दिवस? रविवारी नवं शीड आणतो म्हणून साऱ्यांले सांगून ठेवलं मी.” त्यांनी एका आयलेटवर अंगठा दाबून धरला. “यावर टेप मारा. पांढरी. दिसली नाही पाहिजे.”

देवरावांनी एकेका आयलेटवर पांढरी टेप चिकटवली. इतकं मन लावून काम करताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

रविवारी मीही तलावावर गेले. देवराव मोटरसायकलवर आले, आपलं काम पाण्यावर कसं दिसतं ते बघायला. मीनल थर्मास घेऊन बसली होती. दुपारभर हवा मंद होती. काकांचं शीड सुरेख भरलं. इतरांच्या होड्या रेंगाळत होत्या तेव्हा त्यांची सरकत होती. कापडाचं पोट घालवण्यात आयुष्य गेलेले देवराव आणि त्यांच्याबरोबर मी, ते पोट कौतुकाने बघत उभे होतो.

चारनंतर पश्चिमेकडे आभाळ मातकट झालं. उन्हाळ्यात आमच्याकडे अचानक धुळीचा वारा सुटतो, त्याला वावधान म्हणतात. कडेच्या होड्या परतल्या. काका मधोमध होते. पहिल्या झटक्यात होडी इतकी कलली की तिचं पांढरं पोट दिसलं. मीनल उभी राहिली. होडीने तोंड वाऱ्याकडे फिरवलं, शीड फडफडत खाली आलं.

“संपलं,” मीनल म्हणाली.

पण काका गुडघ्यावर बसून काहीतरी ओढत होते. पांढऱ्या चिंध्या वाऱ्यावर उडाल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती, हात भराभर चालत होते. मग शीड पुन्हा वर चढलं, तीन फूट आखूड. होडी कललेली, पण उभी, हळूहळू काठाकडे येऊ लागली. मीनल थर्मासचं झाकण उघडायची आणि परत लावायची.

काका चिंब भिजून उतरले. आधी माझ्याकडे आले.

“टेप भंगार होती तुमची. हात लावला की निघाली.”

“बाबा, होडी उलटली नाही,” मीनल म्हणाली.

“नाही ना? मंग विकायची नाही.”

“नाही विकायची.” तिने त्यांच्या हातात चहा दिला.

दोन घोट पिऊन ते देवरावांकडे वळले. “अन् शिडाच्या पिशवीत सहा दोऱ्या कोणं टाकल्या गा?”

देवराव तलावाकडे बघत होते. “सवय,” ते म्हणाले.

सोमवारी मी फॉर्म काढून पाहिला. ताडपत्रीची ओळ नेहमी बरोबर मधोमध असते. नुसता सवयीचा हात चालला असता तर शिडाची ओळही मधोमध आली असती. तीन फुटांची खूण जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या चित्रातल्या तुटक रेघेवर, ‘नको’च्या शेजारी.

“कागद वाचला होता तुम्ही,” मी देवरावांना म्हणाले.

“वाचला, ताई.” त्यांनी हातोडा खाली ठेवला. “भाऊ कोण्या डायवरले विचारत होते का, अर्ध्या मालाची ओळ पाहिजे का म्हणून?”

दिलीप विचारत नसे. विचारलं असतं तर सगळे नकोच म्हणाले असते. गाडी भरूनच जाणार, असं निघताना प्रत्येकाला वाटतं. मी देवरावांना रागावणार होते, ते राहून गेलं.

त्यानंतर आम्ही तीन शिडं केली, तिन्ही त्याच तलावावरची. फॉर्मवर कापड, पट्ट्या, खिडकी, पोट, सगळं विचारतो. ज्या प्रश्नाचं उत्तर माणूस लोकांकडे बघून देणार, तो विचारत नाही. रीफचा रकाना मी काढून टाकला. ओळ सगळ्यांनाच लावतो. ज्यांना लाज वाटते त्यांच्यासाठी पिशवीत पांढऱ्या टेपचा रोल ठेवतो. तीच, लगेच निघणारी.