शेवटच्या ओळीतलं नाव

"ताई, एकच ओळ बदललीय. दोन मिनिटांचं काम आहे."

अंधेरीच्या स्टुडिओत काचेपलीकडून कंपनीचा माणूस माईकवर बोलत होता. माझ्या कानावर हेडफोन, समोर स्टँडवर कागद. कागदावर मीच पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेलं कडवं. शेवटची ओळ पिवळी केलेली.

मी लिहिलं होतं, 'धाकू शाहिराची पोरगी सवाल करते, उत्तर दे.'

कागदावर होतं, 'वॉचमनची पोरगी सवाल करते, उत्तर दे.'

"हे का?" मी विचारलं.

"धाकू कोण ते कुणाला माहीत नाही ना. वॉचमन म्हटलं की लोक लगेच रिलेट करतात."

धाकू म्हणजे माझे बाबा. त्या दिवशी सकाळी मी निघताना त्यांनी विचारलं होतं, जुनं गानं नवीन करतायत त्यात माझं नाव असंल ना? मी म्हटलं, असणार की. तुमच्या नावाशिवाय ते कडवं संपतच नाही.

गिरणी बंद पडल्यावर बाबा मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. शाळा सुटली की मी घाटकोपरहून त्यांचा डबा घेऊन जायची. तेरा वर्षांची होते. एकदा चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या पिशव्या वर आणून द्यायला सांगितल्या. दिल्या. उतरताना लिफ्टनं आले. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, समोर सोसायटीचे सेक्रेटरी. माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. जिन्यातून खाली वाकून ओरडले, "ए वॉचमन, तुझी पोरगी लिफ्टमधून फिरतेय. उद्या बिऱ्हाड आणशील इथं."

बाबा धावत वर आले. टोपी काढून हातात धरली. "चुकलं साहेब." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिन्यानं जा, बाय."

मी जिन्यानं गेले. त्या सोसायटीत बाबांनी अकरा वर्षं काढली. हजेरीच्या वहीत नावाच्या रकान्यातसुद्धा 'वॉचमन' एवढंच लिहिलेलं असायचं.

आणि हाच माणूस गावी शाहीर होता. आमच्याकडे रत्नागिरीत गणपतीत जाखडी नाचतात. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. एका शाहिरानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. मध्ये चिमटे, टोमणे, एकमेकांची यथेच्छ धुलाई. बाबांच्या सवालावर भलेभले गप्प होत. आणि गाण्याच्या शेवटच्या ओळीत नाव यायलाच हवं. पण ते गुरूचं. गुरू आपल्या तोंडानं 'आता तुझं घाल' म्हणेपर्यंत चेल्यानं स्वतःचं नाव घालायचं नाही. बाबा म्हणायचे, "नाव नाय ते गानं बेवारस. कोनीपन उचलून नेल."

कॉलेजात माझ्या वर्गातल्या सच्यानं मला पहिल्यांदा रॅप ऐकवलं, परदेशातलं. मी म्हटलं, हे तर माझे बाबा करतात. सच्या आणि त्याचे दोन मित्र पोट धरून हसले. मग मी त्या बीटवर जाखडीच्या चालीत लिफ्टचं कडवं म्हटलं. हसणं बंद झालं.

असा 'पत्रा' झाला. आमचा पहिला अल्बम, आणि शेवटचाही. सच्याच्या आत्याच्या खोलीत, दाराला गोधड्या टांगून रेकॉर्ड केलेला. पंधरा वर्षं झाली तरी लोक तो सोडत नाहीत. आज जोगेश्वरीपासून बोरिवलीपर्यंत पोरंपोरी आपापल्या घरच्या बोलीत रॅप करतात, आणि मुलाखतीत सांगतात, 'पत्रा ऐकला आणि धीर आला.' माझं कडवं कॉलेजच्या भिंतीवर रंगवलेलं मी स्वतः पाहिलंय. एका प्राध्यापकांनी लेख लिहिला की धाकू शाहीर हे एक काल्पनिक पात्र आहे, समस्त श्रमिकांचं प्रतीक. मी तो लेख बाबांना वाचून दाखवला तेव्हा ते सुका बोंबील भाजून खात होते. "काल्पनिक म्हंजे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, म्हणजे तुम्ही नाहीच. ते हसले. मला हसू आलं नाही.

अल्बमच्या कव्हरवर तीन पोरांची नावं आली. माझ्यासाठी खाली एक शब्द होता, 'कोरस'. नाव तिथंही नाही. लोकांना वाटतं कडवं सच्यानं लिहिलं. मी तेव्हा भांडले नाही. मला वाटलं, गुरूचं, म्हणजे बाबांचं, नाव शेवटी आहे ना, मग बास झालं. आपल्याकडे असंच असतं. जाखडीची रीत मी अशा ठिकाणी पाळत बसले, जिथं ती कुणालाच ठाऊक नव्हती. मूर्खपणा माझाच.

तर स्टुडिओत संगीत सुरू झालं. मी म्हटलं, "धाकू शाहिराची पोरगी सवाल करते, उत्तर दे."

संगीत थांबलं. "ताई, कागदावरची."

पुन्हा सुरू झालं. मी पुन्हा तीच म्हटली.

सच्या काचेपलीकडे सोफ्यावर बसला होता. आता मोठा कलाकार आहे, त्याला बघायला गर्दी होते. तो माईकपाशी आला. "सोड ना यार. एकच तर ओळ आहे. तू काय खोटं बोलणार आहेस? होते ना ते वॉचमन?"

होते ना. 'वॉचमन' या शब्दाला उत्तर म्हणूनच तर ते कडवं लिहिलं होतं. सेक्रेटरींनी जिन्यातून मारलेली हाक हे लोक माझ्याच तोंडून पुन्हा मारून घेणार होते, तेही अल्बमच्या पंधराव्या वर्धापनदिनाच्या नावाखाली. आणि हाक मारायला सच्या सोबत होता.

तिसऱ्यांदा मी ओळ सावकाश म्हटली, एकेक अक्षर सुटं करून. मग हेडफोन काढून कागदावर ठेवले.

"सच्या, माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही."

कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला, "हरकत नाही, दुसरी मुलगी बघू." कागदोपत्री मी कोरस. कोरस कुणीही गातं.

दुसरी मुलगी मिळाली. जोगेश्वरीची, विशीतली. गाण्याआधी तिनं मला फोन केला. "ताई, तुमचं ऐकूनच मी गायला लागले. काय करू?" मी म्हटलं, तुझं तू ठरव. तिनं गायलं. तिला पहिलंच मोठं काम मिळत होतं, मला कळतं. तरी राग आहे. खोटं कशाला बोलू?

मी मुलुंडच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. गेल्या आठवड्यात एका बाईंच्या दंडाला पट्टा बांधला आणि त्यांच्या पर्समध्ये फोन वाजला. 'वॉचमनची पोरगी सवाल करते.' बाई म्हणाल्या, "भारी आहे ना गाणं? माझ्या मुलानं लावून दिलंय." मी त्यांना नाव विचारलं, नळीवर लिहिलं, मग सुई टोचली. नाव नसलेली नळी आम्ही फेकून देतो.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. इतके दिवस लपवलं होतं. ते अंथरुणावर पडून ऐकत होते. मग म्हणाले, "माजं नाव काडलं ते काडलं. तुजं कुठं होतं?"

"तुम्ही घाल म्हणाला नव्हता ना."

"तू इचारलंस कवा?"

शाहिराचा सवाल होता. पंधरा वर्षं मी ज्या परवानगीची वाट बघत होते, ती मागितलीच नव्हती. लिफ्टमधून उतरून जिन्यानं गेले होते, तशीच आयुष्यभर न विचारता बाजूला होत गेले.

"आता विचारते," मी म्हटलं.

"घाल," ते म्हणाले आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपले.

नवीन कडवं लिहून झालंय. त्यात सेक्रेटरी आहेत, कंपनीचा माणूस आहे आणि सच्याही आहे. शेवटच्या ओळीच्या अर्ध्यात धाकू शाहीर आहेत, अर्ध्यात मी. या वेळी ती ओळ मी अशी बसवलीय की कडव्यातला सवालच तिथं येऊन पुरा होतो. ती कापली तर हाती काही उरत नाही.

माझं नाव मी इथं लिहिणार नाही. ते त्या ओळीत आहे. ज्याला हवं त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकावं.