वडिलांची मिशी आणि आईचं कोयनेल

निजामाच्या राजवटीत आमच्या लातूरला सोलापूरचं वर्तमानपत्र यायचं ते मोटारीच्या गादीखाली दडून. त्यावर बंदी होती. म्हणूनच वडिलांचा त्यावर पक्का भरवसा. "सरकार ज्याला भितंय ते खोटं कसं असंल?"

वडिलांची नजर अधू. मी नांदेडहून शाळेच्या सुट्टीत आलो की पेपर वाचून दाखवणं माझ्याकडे. मथळ्यापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत मी सगळं एकाच भारदस्त आवाजात वाचत असे. त्याच आवाजात एक जाहिरातही वाचली: हिवतापावर आमचाच काढा घ्या, कोयनेलनं रक्त आटतं. आई तेव्हा एकाआड एक दिवस हुडहुडत गोधडीत पडायची. सरकारी दवाखान्यातून आणलेलं तिचं कोयनेल, म्हणजे क्विनीन, वडिलांनी कोनाड्यात सारलं आणि काढा मागवला. काढ्यानं हुडहुडी काही थांबली नाही. आईचं वडिलांशी बोलणं तेवढं थांबलं.

मी वडिलांना म्हणालो, "अण्णा, ती बातमी न्हाई, जाहिरात हाय. कोण सांगतंय, त्यात फायदा कुणाचा, हे बघाया नको?"

"मग सरकारी औषधात सरकारचा फायदा न्हाई व्हय?"

मग मी अक्कल चालवली. संध्याकाळी पेपर उघडला आणि मनानंच वाचलं, "मिशीच्या केसांत हिवतापाचे जंतू राहतात व घरच्यांना बाधतात, असा विलायती डॉक्टरांचा शोध." वडील हसतील, मग आपण म्हणू, काढ्याचंही असंच असतंय, असा बेत होता. वडील हसले नाहीत.

सकाळी मी उठलो तर न्हावी येऊन गेला होता.

आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावर. तासाभरात गल्ली सांत्वनाला जमली. खरं कारण सांगावं तर बंदीचा पेपर घरात येतो हे उघड होणार. वडील खाली मान घालून गप्प बसले, त्यानं दुःख जास्तच खरं वाटलं. तेवढ्यात औशाहून बाजाराला निघालेले आजोबा बैलगाडीतून दारात उतरले.

"कोण गेलं रे?"

"तुम्हीच की, आबा," शेजारचे काका म्हणाले.

आजोबांनी वडिलांच्या ओठाकडे बघितलं. "मग मला कळवायचं तरी."

माणसं पांगल्यावर मी खरं सांगितलं. वडिलांनी उघडा ओठ चाचपला. मग विचारलं, "आन् काढ्याचं?"

"ते छापलंय. पर छापणाऱ्यानं मनानंच."

गोधडीतून आवाज आला, "मिशी काय, यील परत. ते कोयनेल काढा आधी."

वडिलांनी ते स्वतःच्या हातानं काढून दिलं. हळूहळू तापाची पाळी चुकू लागली, आणि हुडहुडीच्या एका दिवशी तर आई जात्यावर बसली होती.

पुढच्या सुट्टीत मी घरात शिरताच म्हणालो, "अण्णा, मी पास झालो."

वडिलांनी नव्या मिशीवरून बोट फिरवलं. "कोण सांगतंय?"

"मीच."

"फायदा कुणाचा?"

मी निकालाचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचायला शेजारच्या काकांना हाक मारली.