वाडग्यातली हळद

कुणावर विश्वास टाकायचा म्हटलं की आमच्या आत्याच्या पोटात दुखायचं, आणि मी तिचीच भाची. आई गेल्यावर तिनंच मला आणि दादाला वाढवलं.

महायुद्ध संपून दादा इटलीतून घरी आला, तेव्हा साऱ्या गावानं त्याच्या हातचे पेढे खाल्ले. आत्यानं मात्र त्याच्या हातचं पाणीही घेतलं नाही. ती माळकरी. "परमुलखात काय काय खाल्लंय, कुनाला ठावं," म्हणायची. ते त्याला फार लागलं.

त्याच्या पेटीत कपड्यांपेक्षा लाकडंच जास्त होती. मोडक्या बंदुकीच्या दस्त्याचं काळपट अक्रोड, तिकडच्या ऑलिव्हचं पिवळं. "गोऱ्याच्या मढ्याची पेटी फोडून आनली असंल," आत्या म्हणाली. मला तर त्यात एखाद्या मडमेचा वास यायचा.

माझं लग्न ठरलं. दादानं सांगलीच्या एका काताऱ्याकडं बसून ते तुकडे विहिरीच्या बांधकामासारखे थरावर थर चिकटवले आणि कातून गोल वाडगा केला. माझ्या हळदीसाठी. देखणा होता, खोटं कशाला बोलू?

आत्यानं बोटही लावलं नाही. "सरसानं चिकटवलाय. सरस म्हंजे उकळल्याली कातडी. ह्यातली हळद पोरीला लागायची न्हाई."

"सरस न्हाई, आत्या. फाटल्या दुधाचा चोथा आन चुना. तिकडच्या सुतारानं शिकवलं."

"दुधानं कवा लाकूड चिकटतंय व्हय रं?"

माझाही विश्वास बसला नाही. पण दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिनं ह्यो वाडगा न्हाई घेतला, तर मी मांडवात थांबत न्हाई. पलटणीत परत जातो." म्हणून आत्याला न विचारता मी त्यातच हळद कालवून ठेवली.

सकाळी आत्याच्या ओरडण्यानं घर गोळा झालं. वाडग्याच्या कडेनं, बरोबर सांध्यांवर, लाल रेघा उमटल्या होत्या. "रगत सुटलं! सांगत हुते का न्हाई?" बायका मागं सरल्या. दादाचा चेहरा उतरला.

पण आत्याचा स्वतःच्या डोळ्यांवर तरी कुठं विश्वास? तिनं रेघेवरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. हळदीला चुना लावून घरी कुंकू करणारी बाई ती. लाली कशाची, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"चुनाच हाय," ती पुटपुटली. "लावा पोरीला."

मग दादाकडं वळली. "दूध म्हशीचं का गाईचं?"

"गाईचं."

"मग पानी आन. घसा वाळलाय."

दादानं तांब्या आणला. आत्यानं ओंजळ पुढं केली.