कमलताईंचे हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट सांगता येणार नाही.

कोकणात, किनाऱ्यावरच्या एका कोळंबीच्या कारखान्यात मी पाणी तपासायचो. कोळंबी सोलायला आमच्या जालन्याकडच्या वडीगोद्रीच्या कमलताईंना मीच तिथं नेलं होतं. शाळेत त्या माझ्या दोन इयत्ता पुढे. गावात त्यांची वस्ती वेगळी, आमची वेगळी — एवढं सांगितलं की तुम्हाला कळेल.

एकदा कोळंबी धुण्याच्या पाण्यात जंतू निघाले — शौचातून येणारे. ते येतात कुठून, हे शोधायचं काम माझं. सोलणाऱ्या बायकांच्या हातांवर मी तपासणीसाठी कापसाचे ओले बोळे फिरवले. फक्त कमलताईंच्या हातांवर तेच जंतू सापडले. मुकादम हसत म्हणाला, "हिच्या हातानं पाणी बाटलं म्हणा की." बाटलं — हा शब्द ऐकूनही मी निकाल वहीत उतरवत राहिलो. त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं.

पण त्या एकट्याच हात धुऊन आल्या होत्या ना — कोळंबी धुण्याच्या त्याच नळावर? माझ्यासमोर हात स्वच्छ असावेत म्हणून? मग हातांनी पाणी खराब केलं, की पाण्यानं हात? हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. नळापासून पाइप धरून मागे मागे गेलो. संडासातून आलेले गमबूट धुण्याच्या टबात त्याच पाइपावरच्या दुसऱ्या नळाची रबरी नळी बुडालेली होती. दाब उतरला की टबातलं पाणी उलटं पाइपात ओढलं जायचं. ती नळी तशी सोडायची सवय माझी — दुसऱ्या कुणाची नाही.

मी नळी काढली. पाइप धुऊन घेतले. बोललो नाही. पुढचा नमुना स्वच्छ आला, तेव्हा सगळे म्हणाले, बघा, बाई गेली आणि पाणी सुधारलं. मी — मी मान डोलावली.

आता मी जालन्यात, एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात आहे. परवा वडीगोद्रीच्या फाट्यावर कमलताई भेटल्या. कडेवर नातू. त्याला मी केळं घेतलं, तर त्यांनी पिशवीतून चमचा काढला.

"मी हातानं भरवत न्हाई याला," त्या म्हणाल्या. "सून हसती. म्हणती, सासूबाई मडम झाल्या." मग हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही तपासलं व्हतं. माझ्या हाताला खरंच काही व्हतं का?"

इतकी वर्षं — स्वतःच्या नातवाला हातानं घास नाही?

"आता काय आठवतंय, ताई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि चमच्यानं केळं कुस्करायला घेतलं. मला सगळं आठवत होतं.