नरम की कडक

बाल्कनीचं दार अडवायला ठेवलेली जुन्या शॉकअपची गंजकी स्प्रिंग आज पायाला लागली आणि सिल्वासातली ती सकाळ आठवली. नवऱ्याने हौसेने खडकाळ वाटांवर पळवायची जुनी परदेशी मोटरसायकल घेतली होती, पण तिचे मागचे शॉकअप पार बसले होते. माझी कंबर आणखी एकदा धरली तर गाडी विकायची, असं आमचं ठरलं होतं. डोकमर्डीच्या मेकॅनिकने दोन जोड्या समोर ठेवल्या, एक नरम आणि एक कडक. "बेन मागे बसणार ने? मग नरमच लावा," तो गुजराती ढंगात म्हणाला. खेरडीच्या वाटेवर दोघांच्या वजनाने ती नरम जोडी खड्ड्याखड्ड्यात खाडकन तळाला आपटली, तसा नवऱ्याचा चेहराच उतरला. परत येऊन कडक जोडी चढवली आणि पुन्हा तीच वाट धरली. समोर शेताचा बांध आला, ब्रेक लावायला उशीर झाला आणि गाडी चक्क हवेत उडून मांजरासारखी अलगद उतरली. मी किंचाळले. त्याने घाबरून गाडी थांबवली, "लागलं का गं?" "छे! वळव मागे, पुन्हा एकदा!" आता कंबर खरंच दुखते, तरी स्पीडब्रेकर दिसला की स्कूटर चालवणाऱ्या लेकीला मी म्हणतेच, "हळू नको घेऊस."