ठिपका दिसला की खांदा दाबायचा

राहात्याच्या टॉकीजमध्ये मी दुसरा ऑपरेटर होतो. पहिले ऑपरेटर म्हणजे मास्तर. पन्नाशी उलटलेले, जिभेला तिखट. मी त्यांच्याहून तिखट, त्यामुळे आमचं छान जमायचं. सत्तर सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. केबिनमध्ये दोन मशीन शेजारी शेजारी होती. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची आणि काही क्षणांत दुसरा ठिपका आला की चित्र तिकडच्या मशीनवर घ्यायचं. चुकलं की पडदा पांढरा, आणि खाली शिट्ट्या, शिव्या.

मास्तरांना तो ठिपका दिसेनासा झाला होता. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. दोन-तीन खेळ झाले की संवाद त्यांना पाठ व्हायचे, मग ते कानांवर काम भागवायचे. पण शुक्रवारी नवं चित्र लागलं की पहिल्या खेळाला ते चाचपडायचे. अशाच एका शुक्रवारी ठिपका येऊन गेला तरी ते नुसते उभे होते. मी त्यांचा खांदा दाबला. त्यांनी चटकन मोटर सुरू केली. दुसऱ्या ठिपक्याला पुन्हा दाबला. चित्र बेमालूम बदललं. "लई आगाऊ हायस," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दर शुक्रवारी तेच. बाजूला व्हा, मी करतो, असं म्हणायची माझी छाती नव्हती. त्यांना दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. डोळ्यांचं कळलं तर मालक घरी बसवतील, ही धास्ती त्यांनी लपवली तरी मला दिसत होती.

मग एका शुक्रवारी, दुपारच्या खेळाला, मालक एका पाहुण्याला मशीन दाखवायला वर आले. केबिन ती केवढीशी! मालक नेमके मास्तरांच्या आणि माझ्या मधे उभे राहिले. "आमच्या मास्तरांचा हात लई साफ," असं कौतुक चाललेलं, आणि इकडे रीळ संपत आलेलं. माझा हात पोचेना. ठिपका चमकला आणि मी ओरडलो, "मास्तर, मोटर!" मग पुन्हा, "घ्या!" चित्र सुखरूप पुढे गेलं, पण बिंग फुटलं.

मालकांनी पाहुण्याला चहाला खाली पाठवलं.

"मास्तर, दिसत न्हाई का तुमाला?"

"कोपऱ्यातलं तेवढं न्हाई दिसत." त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"कवापासनं?"

मला राहवेना. "एकदा तरी पडदा पांढरा झाला का?" मी मालकांवरच उखडलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट मशीनकडे वळलो.

"उद्या नगरला जावा, डोळं दाखवा. बरं झाल्याबिगर हा जिना चढायचा न्हाई."

"आन् माजी जागा?"

"जागा काय पळून चालली व्हय?" म्हणत मालक खाली गेले. मास्तर स्टुलावर बसले आणि पंचात तोंड खुपसून रडले. मी पुढचं रीळ चढवलं.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं. मधल्या काळात जागेची आठवण करून देऊन देऊन मी मालकांना जेरीस आणलं. शेवटी एकदाचे मास्तर जाड भिंगांचा चष्मा लावून जिना चढून आले. पडद्याकडे त्यांनी नंतर पाहिलं, आधी माझ्याकडे. बघतच राहिले.

"तू मिशा कवा ठिवल्या रं?"

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. इतके दिवस मी समजत होतो की त्यांना फक्त कोपऱ्यातला ठिपका दिसत नाही. मिशा माझ्या लग्नाच्या आधीपासूनच्या. त्या लग्नात मास्तर माझ्यासमोर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "नवरदेव कसा उठून दिसतोय!"